बापूचं निरोगी रक्त

आईचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारला माझ्या घरी कणीक मळत होते. ती सुरतेच्या दवाखान्यातून बोलत होती. "बापू गया," एवढंच म्हणाली, आणि मी खुळ्यासारखी विचारत राहिले, कोण बापू? आमचाच बापू. माझा धाकटा भाऊ, चाळिशीही न गाठलेला. रक्ताचा कर्करोग. आता दोन महिने होत आले, तरी माझा गोंधळ तसाच आहे. कारण रक्तातला कर्करोग शोधणं हेच तर त्याचं पुण्यातलं काम होतं...

बापू गावी, खांडबाऱ्याला आला की आई त्याला तूर निवडायला बसवायची. एकदा तिनं विचारलं, "तू तठे काय करस रे?" त्यानं अगदी मन लावून सांगितलं. रक्तातून डीएनए काढायचा आणि त्याचे इतके बारीक, हजारो थेंब करायचे, की एकेका थेंबात फार तर एखादाच रेणू यावा. ज्या थेंबात बिघडलेला रेणू असेल तो यंत्रात उजळतो. औषधोपचारानंतर रोग कितीसा उरला, ते असे उजळलेले थेंब मोजून डॉक्टरांना कळतं. ढिगात एक खडा दिसत नाही, पण दाणा न् दाणा वेगळ्या वाटीत टाकला तर लगेच दिसेल, तसंच हे. आईनं सूप खाली ठेवलं. "इतल्या वाट्या घासी कोन?" बापू हसता हसता तुरीच्या ढिगावर आडवा व्हायचा बाकी राहिला.

रोग्यांच्या रक्ताबरोबर दर वेळी एका धडधाकट माणसाचं रक्तही तपासतात, हे त्यानंच मला सांगितलं होतं. त्यात थेंब उजळता कामा नये. उजळला तर समजायचं, हाताळताना कुठेतरी घाण मिसळली. हा धडधाकट माणूस म्हणजे स्वतः बापू. बाहेरचा माणूस कुठे शोधायचा, म्हणून त्यानं आपलंच रक्त देऊन टाकलं होतं. "ताई, मी आमच्या खात्याचा अधिकृत निरोगी माणूस आहे," असं ऐटीत सांगायचा. बाकी जिना चढताना याला धाप लागायची, म्हणून मीही त्याला चिडवून घ्यायची.

मागच्या वर्षी एकदा फोनवर फार वैतागलेला होता. निरोगी नमुन्यातच थेंब उजळत होते. त्यानं टेबल धुतलं, रसायनं फेकली, नळ्या बदलल्या, हाताखालच्या मृणालला उगाच झापलं. आठवडाभर हेच. मग त्याचा फोन आला, आवाज मोकळा. "मिटलं ताई. मृणालचं रक्त घेतलं, एकही थेंब उजळला नाही. माझाच नमुना खराब झाला होता." मीही बरं म्हणाले आणि भाजी फोडणीला टाकली. त्यानंतर काही महिन्यांनी खांडबाऱ्याला आलेला असताना ताप, मग जवळ म्हणून सुरत.

दहाव्याला मृणाल पुण्याहून आली. तिला मी ओसरीवर गाठून थेट विचारलं, "त्याला तेव्हाच कळलं होतं का?" ती गडबडली. म्हणाली, "सांगता येत नाही ताई. निरोगी माणसाचाही एखादा थेंब उजळू शकतो. आणि घाण खरंच असू शकते." मग चाचरत म्हणाली, "सरांची ती नळी अजून फ्रीजरमध्ये आहे. वर 'नॉर्मल' असं लिहिलेलं आहे. तुम्ही म्हणाल तर पुन्हा तपासते." मला तिचा रागच आला. माझाही आला. ज्याला एक रेणू वेगळा काढून दाखवता येत होता, त्याला स्वतःचं रक्त ओळखता आलं नाही? की ओळखलं आणि आम्हाला सांगितलं नाही? आणि ती नळी तपासली तर रोग कधीचा ते कळेल, पण बापूच्या मनात काय होतं ते कसं कळणार?

आईनं दारातून सगळं ऐकलं होतं. डीएनएशी तिला काही घेणं नव्हतं. रात्री अंथरुणावर म्हणाली, "त्याले मालूम व्हतं तर तो कितला घाबरना व्हई... एकला." त्या रात्रीपासून तिचं जेवण सुटल्यासारखंच झालं.

बापू घाबरला की जेवायचा नाही, हे आम्हा दोघींनाच माहीत. परीक्षा असो, इंजेक्शन असो, ताट तसंच राहायचं. म्हणून गेल्या आठवड्यात खांडबाऱ्याला गेले तेव्हा मी मृणालला फोन केला. नळी राहू दे म्हटलं. फक्त एवढं सांग, त्या घाण शोधायच्या आठवड्यात तो तुमच्याबरोबर जेवत होता का?

ती म्हणाली, "नाही ताई. डबा तसाच परत न्यायचे. आम्हाला वाटलं, यंत्रावर चिडलेत."

आई चुलीपाशी बसून माझ्याकडेच बघत होती. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं, जेवत होता म्हणे, रोज, सगळ्यांबरोबर.

"मंग त्याले मालूम नव्हतं," आई म्हणाली, आणि तिनं स्वतःसाठी भाकर थापायला घेतली.