बारा चालींची बरोबरी

मोबाइलवर जगातले अव्वल बुद्धिबळपटू चौदाव्या-पंधराव्या चालीला बरोबरी करून उठले की भटूआप्पांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "हात देवाले उनात का खेयाले?" मग तोच डाव पटावर मांडून ते मला शेवटपर्यंत खेळायला लावायचे. मी कंटाळलो की म्हणायचे, "अर्धा ताका सोडीसन मशीन बंद करस का कोनी?"

आप्पा बमरोलीतल्या कारखान्यात लूमवर कापडाचे ताके विणायचे आणि डिंडोलीत आमच्या शेजारी राहायचे. घोडा कसा चालतो इथपासून मला त्यांनीच शिकवलं, आमच्या घरच्या अहिराणीत. मी शहरात नाव काढलं. ते मात्र बारा तासांच्या पाळीपायी एकही स्पर्धा पुरी खेळू शकले नव्हते. "मोठा खेयाडूसले उद्या बी डाव शे. माले आजच शे," म्हणायचे.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हातापाया पडून पाळ्या बदलून घेतल्या आणि निवड स्पर्धेत उतरले. पहिले दोघे राज्य पातळीवर जाणार होते. शेवटच्या फेरीआधी मी आणि जिग्नेश पुढे, आप्पा एका गुणाने मागे, तिसरे. आमचा डाव एकमेकांशीच होता. आमच्यापैकी एक हरला आणि आप्पा जिंकले, तर दुसऱ्या जागेसाठी त्यांना जादा डाव मिळणार होता. बरोबरी झाली तर आम्ही दोघे सुखरूप.

सकाळी चहाच्या लारीवर जिग्नेश म्हणाला, "ड्रॉ करी लइए ने, जोखम शा माटे?" मी विचार केल्याचं सोंग केलं. बाराव्या चालीला आम्ही हात मिळवले. सगळं नियमात बसत होतं. भित्र्या माणसाला नियमाचा फार आधार असतो.

आप्पा चार तास झुंजून जिंकले. बाहेर आले तेव्हा मी जिग्नेशबरोबर लोचो खात होतो.

"कितल्या चाली?"

"बारा," मी म्हणालो. वर शहाणपणा केला, "मोठे खेळाडूही करतात, आप्पा."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "बधाई हो आपको," म्हणाले आणि रिक्षा शोधायला गेले. हिंदीत. कारखान्यात मुकादमाशी बोलायचे तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हातातली प्लेट काही खाली ठेवली नाही.

पुढे लूम बंद पडून ते शिरपूरकडे गावी गेले. तोवर दीड वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहिलो. माझ्या आईशी ते तासन्‌तास अहिराणीत बोलायचे. मी दिसलो की म्हणायचे, "कैसे हो, भाईसाब?"