वहिनीच्या शेडमधले दिवे

कणकवलीत हायवेच्या मागच्या गल्लीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मी एलईडीचे असे दिवे बनवते, ज्यांचा रंग आणि जोर हवा तसा बदलता येतो. गोव्याच्या हॉटेलांसाठी बंद खोलीत लेट्यूस पिकवणारे ते नेतात, गोठेवाले आणि पोल्ट्रीवालेही नेतात. कुठल्या रोपाला कुठला उजेड मानवतो, गाईला कुठला, हे शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लग्न राहून गेलं, त्याचंही काही वाटलं नाही. सलायची ती एकच गोष्ट, माझी वहिनी.

वहिनी बांद्याला आमच्या घरी असते. भाऊ रोज गोव्यात नोकरीला जातो. ती वनस्पतीशास्त्र शिकलेली, आधी क्लासमध्ये शिकवायची. ते सोडून तिने घरामागे कोंबड्यांची शेड घातली. पिंजरे नाहीत. कोंबड्या भुशावर मोकळ्या फिरतात आणि तिन्हीसांजेला बांबूच्या दांड्यांवर चढून झोपतात. पावसाळी दिवसांत उजेड कमी पडला की अंडी कमी होत, म्हणून तिने माझ्याकडे दिवे मागितले. मी जीव ओतून केले. सकाळी पांढरट उजेड, दुपारी भरपूर, आणि संध्याकाळी सगळे दिवे तांबूस होत होत एकाच वेळी मंदावायचे. कुठल्या दिव्याने कधी काय करायचं ते मोबाइलवरून बदलता येत होतं.

आणि तेव्हापासून आई शेडमध्ये जाऊन बसायला लागली. एरवी मी रविवारी घरी गेले की ती माझ्याभोवतीच असायची, मी काय खाल्लं, किती वाळले, सगळं विचारायची. आता ती प्लास्टिकची खुर्ची घेऊन वहिनीशेजारी असायची. दोघींचं काहीतरी हळू आवाजात चाललेलं असायचं. मी गेले की आई म्हणायची, चहा ठेवलेला आहे, घे जाऊन. एकदा ती शेजारणीला दिवे दाखवत असताना मी तिचं बोलणं ऐकलं.

"माझ्या सुनेन केल्यान ता सगळा," आई म्हणत होती.

मी घरात गेले. चहा मात्र तसाच ठेवला.

मग दोडामार्गहून एक जोडपं शेड बघायला आलं. त्यांनाही कोंबड्या पाळायच्या होत्या. वहिनीने मला पुढे केलं, दिवे माझ्या नणंदेचे, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचे सगळे प्रश्न तिलाच विचारले. ती उत्तरं देत होती तेव्हा मी तिचा मोबाइल बघितला. संध्याकाळची माझी सगळी मांडणी तिने बदललेली होती.

ते दोघे गेल्यावर मी विचारलं, हे कुणी केलं. तिने तोंड उघडलं, पण मी तिला बोलू दिलं नाही. मी ठरवलं होतं तसंच परत ठेव, असं म्हणाले. तिने निमूट ठेवलं. कपाळाला आठी नाही की काही नाही. त्याचाही मला राग आला.

त्या संध्याकाळी दिवे मंदावू लागले. थोड्या कोंबड्या दांड्यांवर गेल्या. बाकीच्या खालीच घुटमळल्या, आणि अंधारल्यावर कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढायला लागल्या. असा ढीग झाला की खालच्या गुदमरतात. वहिनी टॉर्च घेऊन आत शिरली, मागोमाग आई. एकेक कोंबडी उचलून दांड्यावर ठेवायला लागल्या. मीही गेले. हातात ती ऊब, पिसांखाली धडधडणारा जीव.

काम संपल्यावर आईने वहिनीच्या कमरेवर हात ठेवला. "पाठ दुखता गो तुझी?"

माझीही दुखत होती.

वहिनी पाय धुवायला विहिरीकडे गेली, तेव्हा मी तिच्या मागून गेले आणि काय बदललं होतंस ते विचारलं.

"पयलो खालचो उजेड कमी करी होतंय," ती म्हणाली. "दांड्यावरचे दिवे मागसून. उजेड वर रवलो की ती वर चढतत. तुका सांगणार होतंय. तू रागान बघलंस, म्हणान गप रवलंय."

इतकं साधं होतं ते. मला सुचायला हवं होतं, आणि तिला सुचलं होतं.

नंतर मी खालचे आणि दांड्यांवरचे दिवे मांडणीतच वेगळे केले, खालचे आधी मंदावतील असे. दोडामार्गच्या जोडप्याकडे तसेच बसवले. त्यांनी वहिनीलाही आणायला सांगितलं होतं, म्हणून ती आली आणि तिच्याबरोबर आईही. दोघी गाडीत मागे बसल्या. माझ्या शेजारची सीट रिकामी. वाटेत त्या कशालातरी हसल्या. काय झालं विचारलं, तर आई म्हणाली, काही नाही, कोंबड्यांचंच. संध्याकाळी तिथल्या कोंबड्या ओळीने दांड्यांवर चढल्या. मला आनंद झाला, खरंच झाला. मालकीणबाई आधी वहिनीचा हात हातात घेऊन बोलल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

गेल्या महिन्यात कणकवलीजवळच्या एका गोठ्याचं काम आलं. दुभत्या गाईंसाठी दिव्यांच्या उजेडाने दिवस लांबवायचा होता. मी दोन दिवस एकटीच डोकं लावून बसले आणि मांडणी चांगली जमली. तरी शेवटी वहिनीला एकदा विचारावं म्हणून घरी फोन केलाच. तो आईने उचलला. माझा आवाज ऐकला आणि मी कशी आहे हे न विचारताच म्हणाली,

"थांब हां, तिका देतंय."