गाळलेल्या वाक्यांचे वकील

वकिलीची नवी सनद घेऊन मी खामगावात अण्णासाहेबांकडे काम मागायला गेलो, तेव्हा त्यांनी दंडसंहितेतले राजद्रोहाचे कलम वाचायला दिले. मी ते घडाघडा वाचून पुस्तक मिटले. "आणि खालची स्पष्टीकरणे कोण वाचणार?" त्यांनी विचारले. द्वेष पसरवण्याचा हेतू नसेल, तर सरकारच्या कारभारावर केलेली टीका गुन्हा नव्हे, असे तिथे लिहिले होते. मी चांगलाच ओशाळलो.

पुढे उंद्रीच्या बाजारात पुंजाजी नावाच्या एका माळ्यांनी जंगलातली चराई बंद केल्याबद्दल भाषण केले. पोलिसांनी त्यांना राजद्रोहाखाली धरले. शिक्षा झाली असती, तर ऐन उमेदीची वर्षे तुरुंगात गेली असती. घरी बायको आणि दोन लहान मुली होत्या. त्याच भाषणात त्यांनी अण्णासाहेबांचीही सालटी काढली होती, कारण अण्णासाहेब पूर्वी सरकारी वकील होते. तरी वकीलपत्र त्यांनीच घेतले, आणि पेरणीच्या दिवसांत पुंजाजींच्या शेतासाठी स्वतःची बैलजोडीही उंद्रीला धाडली. पुंजाजींनी अण्णासाहेबांची माफी मागावी म्हणून मी शहाणपणा करून माफीनाम्याचा मसुदा लिहिला होता. तो त्यांनी न वाचताच परत केला.

अशिलाकडून सारे भाषण पुन्हा म्हणवून घ्यायचे, ही त्यांची रीत. पुंजाजी मध्येच अडले.

"माह्यावर काय बोलले ते सांगा."

"तेवढं सोडून द्या ना साहेब."

"सोडू नका."

"सरकारच्या ताटाखालचं मांजर म्हटलं तुमाले."

अण्णासाहेबांनी ते शांतपणे लिहून घेतले.

भाषण टिपणाऱ्या पोलीस जमादारांच्या उलटतपासणीत त्यांनी तेच वाक्य भर कोर्टात मोठ्याने वाचले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"वक्ते असं म्हणाले का?"

"हो साहेब."

"मग लिहिलं काऊन नाही?"

"तुमचा मान ठेवला साहेब."

कोर्ट हसले. अण्णासाहेब हसले नाहीत.

"सरकारशी आपलं वैर नाही, फक्त चराई खुली करा, असंही ते म्हणाले का?"

"म्हनले होते."

"ते काऊन गाळलं?"

"त्याच्यात काही गुन्हाच नव्हता साहेब, लिहून काय करू?"

अण्णासाहेबांनी कलमाखालची ती स्पष्टीकरणे वाचून दाखवली. पुंजाजी निर्दोष सुटले. गावाने मात्र 'मांजर' हे नाव उचलले, आणि ते आजही चालते. मला त्याचा राग येतो. अण्णासाहेबांना येत नाही.

निकालानंतर पुंजाजी पाया पडायला वाकले. अण्णासाहेबांनी त्यांना धरून उभे केले. "पुढल्या बाजारी बोलान ना?" पुंजाजी म्हणाले, "बोलीन. पन तुमच्यावर नाही." अण्णासाहेबांचा चेहरा पडला. "मग मी खटला कायले लढलो?"

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उत्तम प्रकृतीचे दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्यांना तोंडावर नावे ठेवणारी माणसेही या जिल्ह्यात तितकीच वर्षे निर्धास्त नांदोत.