पुंजा डॉक्टर घरी यायचा व्हता

पुंजा डॉक्टरनं त्या दिवशी भिमाजीची नाडी धरली, ती शेवटचीच. भिमाजी पिंपळगावच्या कांदा मार्केटातला हमाल, दम लागतो म्हणून नाशिकच्या सिव्हिलला भरती झालेला. पुंजाची सवय अशी, का पेशंटच्या खाटेवर बसल्याबिगर बोलायचं नाय. तसा बसला, मनगट हातात घेतलं आन म्हनला, "काय भिमाजी, तू विडी सोडली का विडीनं तुला सोडलं?"

भिमाजी हसला. डॉक्टर पुढं काय बोलंनात म्हणून त्यानं बघितलं, तर डॉक्टर हळूहळू त्याच्याच अंगावर कलत चाललेले. भिमाजी नंतर येईल त्याला हेच सांगायचा. "माझी नाडी धरली व्हती त्यांनी, आन मलाच त्यांना धरावं लागलं." वार्डातले सगळे डॉक्टर धावले, लय केलं, पण हार्टचा झटका मोठा व्हता.

दोन हजार सहा साल. रिटायरमेंट अगदी तोंडावर आलेली.

तिकडं इगतपुरीच्या पलीकडं उंबरदऱ्यात त्याची मोठी बहीण कुसाबाई नागलीच्या भाकरी थापत व्हती. शनिवार व्हता, संध्याकाळी पुंजा येनार व्हता. ओसरीच्या बाजूची खोली तिनं सारवून ठेवलेली, सुताराकडून एक लांब बाकडं करून घेतलेलं. रिटायर झालो का या खोलीत दवाखाना टाकीन आन तुझ्याजवळच राहीन, असा शब्द त्यानं दिलेला व्हता. खोली बघायलाच येत व्हता तो.

किराणा दुकानवाला बारकू आला आन दारातच उभा राहिला.

"आत्या, नाशिकवरून फोन आला व्हता."

"उशीर व्हईल म्हनला ना? मला म्हाईत हाये. त्याचं नेहमीचंच हाये ते."

बारकू चप्पल काढून खाली बसला. त्याच्या तोंडाकडं बघून कुसाबाईनं तवा खाली घेतला.

नेहमीचंच म्हनली ती, ते खोटं नव्हतं. आई गेली तवा पुंजा रांगत व्हता. कुसाबाईनंच त्याला कडेवर घेऊन भात लावला, गुरं वळली. आश्रमशाळेत तिनंच घातला. तिचं लगीन झालं, नवरा लवकर गेला, ती परत बापाच्या घरी आली, तवर पुंजा पुण्याला डॉक्टरकी शिकायला गेलेला. शिकला का येईल. मंग नोकरीतला बॉण्ड संपला का येईल. मंग मोहिनीशी लगीन झालं, ती नाशिकला मास्तरीण. मंग पोराचं, मनोजचं शिक्षण. दोन हजार तीनला तर भाताच्या आवणीला नक्की येतो म्हनला, आन नेमका कुंभमेळा आला, डॉक्टर लोकांच्या सुट्ट्याच बंद.

यायचा तेव्हा जेवायचा आन निघायचा.

"पाव्हन्यासारखा येतो आन पोस्टमनसारखा जातो," कुसाबाई म्हनायची.

"बाय, वार्डात माणसं पडलेत."

"आन हितं काय दगड पडलेत?"

पुंजा हसायचा, पन गाडी चालू करायचा.

एकदाच तो न सांगता आला व्हता. एक्क्याण्णवची गोष्ट. तवा तो डोंगरातल्या एका सरकारी दवाखान्यात व्हता. ताट वाढलं तर हात लावंना. कुसाबाईनं लय खोदून विचारलं तवा बोलला. एका पाड्यावरची तरणी बाई तापानं फणफणलेली आली व्हती. दंडाला भगताचा काळा दोरा. पुंजानं सगळ्यांसमोर कात्रीनं दोरा कापला आन सासूला झाप झाप झापलं, पयले हितं का नाय आणली म्हणून. पुंजा दुसऱ्या पेशंटकडं गेला तवर सासूनं सुनेला झोळीत घातलं आन घेऊन गेली. सून वाटंतच गेली.

"अडाणी लोकं बाय, काय करू मी?"

"दोरा तुझ्या दंडाला पन व्हता," कुसाबाई म्हनली. "ल्हानपनी पोट फुगलं व्हतं तुझं. मीच भगताकडून आणून बांधला. मी बी अडाणीच का रे? तू मरशील म्हणून भ्याले व्हते मी. त्या सासूला पन भ्याच वाटलं असंल. तू अजून भ्या घातलं."

पुंजा न जेवताच गेला. पन त्याच्यानंतर तो बदलला. पुढं मोठी परीक्षा दिली, नाशिकला सिव्हिलला आला, साहेब झाला, तरी पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडचा पेशंट आला का त्याचा पयला सवाल ठरलेला. "भगताकडं जाऊन आले ना? काय म्हनला तो? काय खायला दिलं?" असं घरातल्या माणसावानी विचारायचा का समोरचा लाजत लाजत सगळं सांगून टाकायचा. सातपूरला कंपनीत लागलेला एक पोरगा कावीळ घेऊन आला. त्यानं पन असंच सांगितलं, गावाकडून मुळी आणून घेतोय. ती मुळी पुंजानं बंद केली, दोरा मात्र राहू दिला. बरोबरचे डॉक्टर चिडवायचे, "धोंगडे साहेब, तुम्ही डॉक्टर का भगत?"

"दोन्ही हाये. पगार एकाचाच देतेत," पुंजा म्हनायचा.

लोकं त्याचं नाव घेऊन सिव्हिलला यायची. कुसाबाईला ते बरं बी वाटायचं आन राग बी यायचा. सगळ्या डोंगराला तो भेटत व्हता, तिला तेवढा भेटत नव्हता.

मयत नाशिकलाच झाली, गोदावरीला. कुसाबाई जीपनं पोचली तवा माणसांची एवढी गर्दी का तिला पुढं सरकू देईनात. "बहीण हाये, बहीण हाये," बारकू वरडत व्हता. तोंड बघायला मिळालं, बस.

दहावं-तेरावं झालं. त्यांच्यात रीत अशी, का गेलेल्या माणसाच्या नावानं चांदीचा बारका पत्रा सोनाराकडून ठोकून घ्यायचा, त्याला टाक म्हणतात, आन तो देव्हाऱ्यात बसवायचा. मंग ते माणूस घरचा देव व्हऊन घरात राहतं. पन घर कोनचं? नाशिकच्या फ्लॅटमधी मोहिनीनं देव्हारा मांडलेला व्हता. कुसाबाईनं जिभेवर आलेलं गिळलं. बायकोचा हक्क पयला, तिला कसं इचारावं?

मोहिनीच चहा घेऊन तिच्याजवळ बसली.

"ताई, टाक तुम्ही करून घ्या. तिकडंच बसवा."

"अगं पन तू हितं एकलीच."

"माझ्याजवळ ते तीस वर्षं होते. तुमच्याकडं यायचं यायचंच करत राहिले." मोहिनीनं डोळं पुसलं. "आता कुठली ड्युटी आडवी येतीय?"

कुसाबाईनं मोहिनीचा हात धरून ठेवला.

पुढच्या बाजारी ती घोटीला गेली. सोनारानं तिच्यासमोरच टाक ठोकला, धुतला, तिच्या हातावर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढा. तिनं तो पदराच्या टोकाला गाठ मारून कंबरेला खोचला आन स्टँडवर आली. काळी-पिवळी जीप भरत आली व्हती.

"उंबरदरा. किती जण, म्हातारे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दोघं," कुसाबाई म्हनली आन आत जाऊन बसली.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली आन दुसरं माणूस कुठून येतंय ते बघत थांबला.