एका घरात मावणारं वाक्य

"घर गेलं," असं म्हणून ते कागद माझ्या हातात परत द्यायचे.

तुमच्याही गावात असा माणूस असेल. रिक्षाच्या टपावर भोंगा, तारेने बांधून तोंडासमोर आणलेला माईक, हँडलपाशी चिमट्यात अडकवलेला कागद. पेणमध्ये उद्या पाणी येणार नसेल, साड्यांचा सेल लागला असेल, कुणी वारलं असेल, तर ते आम्हाला या काकांकडूनच कळायचं.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील कंपनीतल्या युनियनचं काम करायचे. घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठेच जास्त. मी वाचायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' या अक्षरांवरून. पुढे मीच पत्रकं लिहू लागले आणि भोंग्यावर वाचायला काकांकडे नेऊ लागले. माझी वाक्यं लांबलचक असत. राग मोठा असला की वाक्यही मोठंच लागतं, असा माझा समज होता.

काका कागद मनात वाचायचे आणि वाचता वाचता उजव्या हाताचं बोट हळूहळू मागे सरकवायचे, चालत्या रिक्षातून घर मागे जातं तसं. बोट कानामागे पोचलं तरी वाक्य चालूच असलं, की मान हलवायचे.

"घर गेलं. बाई हातातली भांडी टाकून दारात आली, तवर तुझं 'या पार्श्वभूमीवर'च चाललंय. वाक्य एका घरात मावलं पायजे गो."

मग थांबा ना दोन मिनिटं, असं मी म्हणायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "थांबलेला भोंगा कोण ऐकत नाय. जाणारा ऐकतात." गाडी हलती असली की माणूस दारात येतो, थांबली की आत जातो, हा त्यांचा अनुभव. भोंगा चालू असताना त्यांनी रिक्षा थांबवलेली मी कधीच पाहिली नाही.

मग मी पुस्तक लिहिलं. बांध फुटून खाडीचं पाणी भातशेतीत शिरलं, जमीन खारवली आणि माणसं वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली, अशा खाडीकडच्या गावांचं. एका प्रकाशकाने भाषा पत्रकासारखी आहे म्हणून ते परत पाठवलं. दुसऱ्याने राग थोडा कमी करा म्हणून सुचवलं. मी केला नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यातून स्वतःच पाचशे प्रती काढल्या. प्रकाशनाला पुढारी नको, मागच्या पानावर कुठल्या कंपनीची जाहिरात नको. फक्त ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यापर्यंत ते पोचायला हवं होतं. ते झालं नाही तर बाकी कुणी कितीही कौतुक केलं तरी मला त्याचा उपयोग नव्हता.

प्रकाशनाची घोषणा अर्थातच काकांकडे गेली. मजकूर माझा. काकांनी तो जसाच्या तसा वाचायला घेतला. आधी माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, राहणार रामवाडी, सगळं सावकाश. आमच्याकडे माणसाचं नाव-गाव इतक्या सावकाश एकाच प्रसंगी सांगतात. पुस्तकाचा उल्लेख यायच्या आत रिक्षा पुढच्या गल्लीत गेली होती. अर्ध्या तासाने मागच्या आळीतल्या मावशी चहाचा थर्मास घेऊन आमच्या दारात. दार मीच उघडलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू हायस व्हय?" म्हणाल्या, आणि आता आणलाच आहे म्हणून सगळ्यांना चहा ओतला.

मी काकांना हे सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "बघ. घर गेलं."

पेणच्या वाचनालयात प्रकाशन झालं. अकरा माणसं आली, त्यातली चार घरचीच. खाडीकडून एकही नाही. उरलेले गठ्ठे पलंगाखाली गेले. काकांनी एक प्रत मागून घेतली, गाडीत ठेवतो म्हणाले.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मी खाडीकडच्या एका गावात गेले होते. लांबून भोंगा ऐकू आला. आधी साड्यांचा सेल. मग आवाज तोच, पण शब्द ओळखीचे. मी लिहिलं होतं, 'प्रशासनाच्या अक्षम्य अनास्थेमुळे बांधाची दुरुस्ती वेळेत न झाल्याने'. काका वाचत होते, "बांध फुटला. कोण आलं नाय."

मी धावत रिक्षा गाठली आणि थांबा म्हणाले. थांबत नाय गो, चालता चालता बोल, असं ते म्हणाले. मी रिक्षाबरोबर पळत बोलले.

"माझं पुस्तक म्हणजे साड्यांचा सेल आहे? यातला एक शब्दही कापायचा नाही."

माईक चालू होता. अख्ख्या गल्लीने ते ऐकलं. माझी वाक्यं पहिल्यांदाच एका घरात मावली होती.

काकांनी माईक बंद केला, मान हलवली आणि तसेच पुढे गेले. गल्लीत दारोदार बायका उभ्या होत्या. एकीच्या हातात अर्धवट पाखडलेल्या तांदळाचं सूप होतं. त्या कशासाठी बाहेर आल्या होत्या, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही.

पुढे मी त्यांच्याकडे गेले नाही. रस्त्यात दिसले की ते हॉर्न वाजवायचे आणि मी मान फिरवायचे.

गेल्या थंडीत ते गेले. गावभर बातमी सांगत रिक्षा फिरली नाही, कारण सांगणारे तेच होते. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी रिक्षाच्या सीटखाली सापडलेलं माझं पुस्तक आणून दिलं. "तुझंच हाय. खाडीकडं काम नसलं तरी हे पुस्तक घेऊन तिकडं जायचे," म्हणाल्या.

पानांचे कोपरे दुमडलेले होते. कडेच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने काढलेली छोटी छोटी घरं, एक चौकोन आणि त्यावर छप्पर. प्रत्येक घराशेजारी एक वाक्य, खोडून छोटं केलेलं. एकतिसाव्या पानापर्यंत असंच. त्या दिवशी गल्लीत ते हेच पान वाचत होते.

त्यापुढे घरं होती, पण एकही शब्द खोडलेला नव्हता.

नंतरच्या एका पानावर सहा ओळींचं एक वाक्य आहे. पाणी ओसरून तीन पावसाळे झाले तरी एक म्हातारी रोज सकाळी बांधावर जाते, खाली वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवते, अजून खारटच आहे हे पाहून थुंकते, पदराने तोंड पुसते आणि घरी परत येते, असं ते वाक्य. त्याच्याशेजारी घर नव्हतं. काकांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं,

"हितं गाडी थांबवली."

आणि त्याखाली,

"कोण आत गेलं नाय."