वाकळीखालचा कोबा

दार ढकललं आणि मी जागीच थबकलो. मी वाळायला ठेवलेल्या कोब्यावर भरदुपारी बायका झोपल्या होत्या! कापूस वेचायला आलेल्या, जेवून आडव्या झालेल्या. अंगाखाली वाकळा, खिडक्या गच्च बंद, काचांवर घाम. मधोमध घरमालकीण सविताताईंच्या सासूबाई, अक्का, पाय पसरून निवांत. सगळीकडं मऊ, ओलसर ऊब. कुणीतरी झोपेत हसलं. खरं सांगतो, चपला काढून तिथंच लवंडावं असं मलाही वाटलं.

मग डोकं फिरलं.

"उठा, उठा! कुणाला विचारून निजलात?"

अक्कांनी एक डोळा उघडला. "कावून वरडता भाऊ? लई दिसांनी गुडघे गप झालेत."

आता भानगड काय ते सांगतो. मी बीडचा. जन्म प्लंबिंगमध्ये गेला, आता सोलरची कामं घेतो. सविताताईंनी केजजवळ रेशमाच्या अळ्यांचं चॉकी सेंटर काढलेलं. चॉकी म्हणजे अळ्यांची बालवाडीच समजा. अंडी फुटली की बारीक अळ्या इथं सांभाळायच्या, जरा थोराड झाल्या की शेतकऱ्यांच्या हवाली करायच्या. या लेकरांना गारठा सोसत नाही. म्हणून नव्या खोलीच्या जमिनीत मी पाईप अंथरले आणि वर सिमेंट-वाळूचा जाड थर दिला. तोच कोबा. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी पाईपातून फिरतं, पायाखाली ऊब राहते.

पण नवा कोबा पोटात पाणी धरून असतो. पाणी मारायचे दिवस सरले की रोज थोडी थोडी ऊब वाढवत त्याला वाळवायचं. एकदम तापवला तर तडकतो. ओल राहिली आणि वर एपॉक्सी मारलं, म्हणजे धुता येणारा जाड रंग, तर त्याला फोड येतात. फोडाखाली घाण साचते, रोग शिरतो, अळ्यांची अख्खी बॅच जाते.

"ताई, खिडक्या उघड्या ठेवा म्हणालो होतो ना?"

सविताताई ओशाळल्या. "चाचा, एवढी चांगली ऊब बाहेर कावून घालवायची? थंडी बघा की किती हाय."

"अवो, ऊब पाण्याला नुसती उठवती. घराबाहेर न्यायला वारा लागतो!"

वाकळा उचलल्या. जिथं जिथं त्या होत्या, तिथं कोबा काळपट. मी प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी टेपनं चिकटवला. ही आमची साधी टेस्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर तुतीच्या रानावर धुकं बसलेलं, आणि आत प्लास्टिकखाली थेंबच थेंब. ओल होती तशीच.

सविताताईंचा चेहरा उतरला. "अंडी तिकडून निघालीत चाचा, येतीलच आता. नांदूरघाटच्या शेतकऱ्यांनी पाला तयार ठिवलाय. माझी पहिलीच बॅच. ही गेली तर परत कोण येईल माझ्याकडं? मारा की रंग. वरून कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

"मंग मी काय करू?" म्हणत त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि रडायला लागल्या. माझाही जीव तुटला. पण रंगाचा डबा काही मी उघडला नाही.

अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या खोलीत ठेव तुझी लेकरं. बारकी असताना जागा किती लागती त्यांना? शेगडी हाय, दार हाय."

"आत्याबाई, आन् तुमची मिश्री? अळ्यांना तंबाखूचा वास लागला तरी मरतात त्या," सविताताई म्हणाल्या.

अक्का म्हणजे उठल्या उठल्या मिश्री लावणारी बाई, तिच्याशिवाय तोंडातून शब्द न काढणारी. पण कमरेची डबी काढून त्यांनी सुनेच्या हातात दिली. "घे. लांब फेकून ये."

खोली धुतली, चुना मारला. अक्कांचं अंथरूण ओसरीवर गेलं. अंडी आली, फुटली. मुंगीएवढ्या काळ्या अळ्या कोवळ्या पाल्यावर पसरल्या. अक्का दाराबाहेर थंडीत कांबळं पांघरून बसायच्या आणि आत बोलायच्या, "खा गं बायांनो, पोटभर खा." इकडं कोब्यावरून दिवसभर वारा वाहत होता. तिथं नुसतं उभं राहिलं तरी डोळे जड व्हायचे. एका सकाळी प्लास्टिकखाली एकही थेंब सापडला नाही. तेव्हा रंग मारला. तो पुरता सुकल्यावर, वास गेल्यावर अळ्या नव्या खोलीत नेल्या. नांदूरघाटची जीप आली आणि त्या ठणठणीत रवाना झाल्या.

माझ्याकडं पाईप उरला होता. तो मी अक्कांच्या खोलीत टाकला, वर कोबा केला आणि बजावलं, खिडक्या उघड्या, वर कुणी निजायचं नाही. पुढच्या खेपेला गेलो तर अक्का दारात काठी घेऊन बसलेल्या. वेचणीची एक बाई वाकळ घेऊन आली होती.

"चल गं, हो बाजूला," अक्का तिच्यावर खेकसल्या. "वारा आडवू नको."

कोबा वाळवायचं तंत्र मी गिऱ्हाईकाला अजूनही सांगतो. पण त्याआधी एक विचारून घेतो: घरात गुडघे कुणाचे दुखतात?