मेसवाल्या मावशींचा डबा

मेसवाल्या मावशींनी या वयात कुणीतरी ठेवलाय, अशी कुजबुज आमच्या निवृत्तांच्या मंडळात होती. कुणी सुरू केली ते मी सांगणार नाही. बिचाऱ्या शिंप्याचं नाव उगाच खराब व्हायचं. पण पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

महिन्यातून एकदा आम्ही हॉलवर जमून जेवायचो, नाहीतर बस करून कुठेतरी बागेत, तळ्यावर जायचो. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, असा नियम. मावशी आणायच्या रिकामा डबा. चांगला तीन पुडांचा, घासूनपुसून लखलखीत. पोटभर जेवायच्या, नावं ठेवत जेवायच्या, "मीठ काय नुसतं दाखवून परत नेलंत?" असं वाढणारीलाच विचारायच्या, आणि उठताना डबा गच्च भरून पिशवीत टाकायच्या.

गोम अशी, की बाई जन्मभर एका वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक करत होत्या. मंडळाचे अध्यक्ष हेडमास्तर. त्यांनी मावशींना सभासद करून घेतलं तेच मुळी तोंडाला पाणी सुटलं म्हणून. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मी शिजवणं सोडलं, आता जगाने शिजवावं. मास्तरांनी तो घोट कसाबसा गिळला. डबा मात्र त्यांच्या घशात अडकून राहिला.

तळ्याच्या सहलीहून निघताना, मावशी खिडकीशी जागा धरून बसल्यावर, मास्तर बसमध्ये त्यांच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, पिशवी उघडून दाखवा, नाहीतर डबा कुणासाठी ते सांगा. दोन्ही जमत नसेल तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

मावशी एकट्या राहायच्या. महिन्यातला तेवढा एकच दिवस त्यांच्या शेजारी कुणीतरी जेवायला बसायचं. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर नेम तिथेच धरला. आम्ही सगळ्यांनी कान टवकारले. मला पाय मोकळे करायची गरज नेमकी तेव्हाच वाटली आणि मी दोन सीट पुढे सरकलो.

मावशींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"मास्तर, मेसच्या फाटकावर रोज वॉचमन माझी पिशवी उघडायचा. पावाचा तुकडा तरी नेतेय का, बघायला. पोरांची जेवणं उरकली की मी तळाशी उरलेलं खरवडून उभ्याउभ्या खायची. नोकरी संपली त्या दिवशी ठरवलं, ही पिशवी आता कुणाच्या बापाला उघडून दाखवायची नाही. काढायचं तर काढा."

आणि खिडकीकडे तोंड केलं. मास्तरांनी त्यांना तिथल्या तिथे मंडळातून काढलं. परतीच्या वाटेवर कुणी एक गाणं म्हटलं नाही.

पुढच्या महिन्यात हॉलवर पोचलो, तर मावशी हजर. काढल्याची बातमी आपल्याला पोचलीच नाही अशा थाटात, मधल्या खुर्चीवर. त्यांच्यासमोर रिकामा डबा. मग एकेक करून बायका येत गेल्या आणि प्रत्येकीने त्याच्याशेजारी आपला डबा ठेवला. झाकण काढून. सगळे रिकामे. मास्तर बघतच राहिले, कारण सगळ्यात आधी ठेवला होता तो त्यांच्याच घरचा डबा.

"मीसुद्धा उभ्यानेच जेवत आलेय," मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "जा, बटाटे तरी उकडा."

त्या दिवशी हॉलमागच्या स्वयंपाकघरात आम्ही पुरुष घुसलो. शिंप्याने भाताची लापशी केली. मास्तरांचे बटाटे एका अंगाने कच्चे, दुसऱ्या अंगाने कोळसा. मावशींनी नावं ठेवत दोनदा मागून घेतले आणि डबाही भरला. त्यांना काढल्याचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, मास्तरांनी तर नाहीच.

राहता राहिला तो 'कुणीतरी'. मला काही राहवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चमचाभर साखर मागायच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत एक टेबल, एक खुर्ची, एक ताट. डब्यातलं जेवण मावशी स्वतःच खात होत्या. गरम करून, बसून. दुसरं कुणीही नव्हतं.